मुकुटवाल्याचे पाय

प्रल्हाद,

काल तुझी तेरवी झाली. जेवणं आटोपल्यावर पाहुणे आपापल्या गाड्यांनी निघून गेले, नेरच्या बससाठी काही जण फाट्यावर जाऊन उभे राहिले, आणि मी मात्र तुझ्या मागच्या अंगणात बराच वेळ थांबलो. तिथे जे झालं ते तुला सांगायचं आहे. खरं म्हणजे दुसऱ्या कोणाला सांगायची सोयच नाही. सहाशे वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या एका तलवारबाजाचा पुढचा पाय, हा विषय अख्ख्या नेर तालुक्यात तुझ्याशिवाय मी कोणाजवळ काढू? दवाखान्यात एकाला सांगून पाहिलं, तर त्यानं मला थोडे दिवस रजा घ्यायचा सल्ला दिला.

तुझ्या शाळेतले लोक तुझ्याबद्दल चार शब्द बोलले. चित्रकलेचे उत्तम शिक्षक, मुलांचे लाडके, स्वभावानं मनमिळाऊ. सगळं खरं असेल, पण मी खाली मान घालून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, मनमिळाऊ? माझ्याशी तर हा माणूस दर रविवारी भांडत होता. चहा गार होईपर्यंत भांडायचा, मग वहिनींना तोच चहा गरम करायला लावून पुन्हा भांडायचा. ते भाषणात सांगण्यासारखं नव्हतं.

मी नेरला नवीन बदलून आलो होतो तेव्हाची गोष्ट. सरकारी दवाखान्यातली एक्स-रेची अंधारी खोली आणि भाड्याची खोली, एवढंच माझं गाव होतं. तू सुजलेला अंगठा घेऊन आलास. कशानं लागलं विचारलं की लोक एक तर पडलो म्हणतात, नाही तर मोटारसायकल म्हणतात. तू म्हणालास, तलवारीनं. मी वर पाहिलं. चष्मा, खिशाला दोन पेन, शर्टावर रंगाचे डाग. तुझा उजवा हात टेबलावर ठेवून मी "हलू नका" म्हणत होतो आणि तू डाव्या हातानं मोबाईलवर मला चित्र दाखवत होतास. अंगासरसे कपडे घातलेले दोन लांबुडके गोरे पुरुष, हातात सरळ लांब तलवारी, एकाच्या डोक्यावर मुकुट. इटलीतल्या कुठल्याशा उस्तादानं आपली विद्या अशी पानोपानी चित्रांत मांडून ठेवली होती आणि ती पानं आता इंटरनेटवर कोणालाही पाहायला मिळत होती. तू ती पाहून एकटाच तुझ्या अंगणात शिकत होतास.

मी सहज बोलून गेलो की चित्रातल्या माणसाचा अंगठा मुठीभोवती नाही, पात्याच्या बुडाशी सपाट टेकवला आहे. तू तो मोबाईल डोळ्यांजवळ नेलास. मग लांब नेलास. मग माझ्याकडे असं पाहिलंस की मला वाटलं, काही चुकीचं बोललो की काय. "रविवारी घरी येता का?" एवढंच विचारलंस. त्या रविवारपासून मला रविवार मिळाले, प्रल्हाद. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू थट्टाच केली असतीस.

तुझ्या बंजारा तांड्यावर आपल्या या खेळाचं कोणाला फार नवल वाटलं नाही. होळीला तुमच्या बाया काठ्या घेऊन पुरुषांना झोडपतात, त्यामुळे लाकडानं हाणामारी करणारी माणसं तिथे ओळखीची होती. फक्त यांची होळी दर आठवड्याला कशी येते, एवढं त्या बाया वहिनींना विचारायच्या. वहिनी हात जोडून म्हणायच्या, एकाले चित्राचं येड, एकाले हाडाचं, मी काय करू. कळंबच्या सुतारानं तर आपल्याला सागवानी तलवारी करून देताना गृहीतच धरलं की यवतमाळच्या दुर्गोत्सवातल्या एखाद्या झांकीसाठी हव्या आहेत. एवढी लांब तलवार देवीच्या हातात शोभणार नाही म्हणून तो बिचारा शेवटपर्यंत आपल्याला समजावत होता. तू मान डोलवत राहिलास, आणि बाहेर आल्यावर म्हणालास, याले खरं सांगतलं असतं तर लाकूडच देलं नसतं यानं.

चित्रांच्या वर चार ओळींचं काहीतरी लिहिलेलं होतं. आपल्या दोघांनाही त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मोबाईलला भाषांतर करायला लावलं तर तो एका जागी गाढव म्हणाला आणि दुसऱ्या जागी लग्न. तेव्हा तू ठरवलंस, शब्द सोडून द्यायचे, फक्त चित्र पाहायचं. आणि चित्र पाहायची तुझी पद्धत ठरलेली होती. पानाचा वरचा अर्धा भाग तू तळहातानं झाकायचास. तोंड नाही, हात नाही, तलवार नाही. नुसते पाय. त्या पायांप्रमाणे आधी उभं राहायचं, मग तळहात वर सरकवून कंबर, मग खांदे, आणि तलवार सगळ्यांत शेवटी. मी घाईनं तलवारीकडे पाहायला गेलो की तू माझ्या हातावर फटका मारायचास. शाळेत पोरांनाही असंच शिकवत होतास का, ते विचारायचं राहून गेलं.

त्या पोथीत एक खूण आहे. मुकुटवाला म्हणजे उस्ताद. त्याचा डाव पुढे जो चेला करून दाखवतो, त्याच्या गुडघ्याखाली सोनेरी पट्टी. म्हणजे पट्टीवाला जिंकतो आणि बिनपट्टीचा मार खातो. हे आपल्याला ठाऊक होतं. पण आपल्याजवळची पानं होती काळी-पांढरी झेरॉक्स, आणि त्यात सोनेरी रंग पार उडून गेलेला. कोण जिंकतोय हे आपण अंदाजानं ठरवलं. ज्याचं तोंड जास्त शांत तो जिंकणारा, असं तू म्हणालास, आणि चित्रकलेच्या मास्तरासमोर मी काय बोलणार? तो उन्हाळा आपण त्या शांत तोंडाच्या माणसाचे पाय, कंबर, खांदे घाम गाळून शिकलो. पुढे यवतमाळला जाऊन भिंतीवर लावायला रंगीत प्रत काढली, तेव्हा दुकानाच्या काउंटरवरच तुझं बोट थांबलं. सोन्याची पट्टी दुसऱ्याच्याच पायावर होती. आपण उन्हाळाभर मार खायची तालीम केली होती.

तू दुकानाच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलास. मी मात्र चिडलो होतो, माझ्या दोन्ही मांड्या महिनाभर दुखल्या होत्या. तेव्हा तू म्हणालास, "वाया नाई गेलं रे भिया. हारनारा कसा उभा राह्यते, हे कोन शिकते मुद्दाम?"

भिया. तुमच्या गोर बोलीत भावाला म्हणतात तसं. पहिल्या महिन्यापासून तू मला भिया म्हणायला लागलास आणि मी तुला शेवटपर्यंत प्रल्हादच म्हणत राहिलो. तुझ्या तोंडी तो शब्द सहज यायचा. मला वाटायचं, आपल्या तोंडी उसना वाटेल. आमच्या घरी भीमजयंतीला येऊन तू निळ्या झेंड्याखाली माझ्या पोरांबरोबर नाचलास, तेव्हा तुला काही उसनं वाटलं नव्हतं.

लोक विचारायचे, आपल्याकडे दांडपट्टा आहे, लाठी आहे, मग हे इटलीचं कशाला. तू एकदा शाळेतल्या कोणाला दिलेलं उत्तर मी ऐकलं. तू म्हणालास की पट्टा शिकवायला माणसं आहेत. याला माणूसच उरला नाही. कोणीतरी एवढ्या मेहनतीनं दाखवून ठेवलं आहे, तर कोणीतरी ते नीट पाहायला पाहिजे. बस, एवढंच. तुझं हे बोलणं त्या गृहस्थाला पटलं नाही. मला पटलं, पण मी तेव्हा पाण्याची बाटली शोधत असल्याचं दाखवलं.

आता मुकुटवाल्याकडे येतो.

तुझ्या खोलीतल्या भिंतीवरचं ते चित्र. तिघं जण एकामागून एक त्याच्यावर चालून येताहेत आणि हा एकटा. तलवार डाव्या मांडीपाशी खाली नेलेली. कंबर त्यांच्याकडे, छाती भलतीकडे. पुढच्या पायाचा पंजा बाहेर वळलेला आणि मागच्या पायाची टाच उचललेली. मी पाहताक्षणी सांगितलं होतं, हे चित्र चुकलं आहे. मागची टाच वर आहे म्हणजे वजन मागे नाही. पुढचा पंजा असा वळवून त्यावर वजन टाकलं तर गुडघा पिरगळतो, आणि पिरगळलेले गुडघे मी रोज पाहतो. मग हा माणूस उभा कशावर आहे? काढणाऱ्याला पाय काढता येत नव्हते, विषय संपला.

विषय कसला संपतो. वर्षानुवर्षं चालला तो. तुझं म्हणणं, ज्यानं बाकी सगळे पाय बरोबर काढले, त्याला हेच दोन कसे येणार नाहीत? मी म्हणायचो, करून दाखव. तू करून दाखवायचास, आणि मी म्हणायचो, तू पटकन हललास, आता तसाच थांब. तू थांबलास की डगमगायचास. मग मी जिंकल्यासारखा चहा प्यायचो. मी स्वतः करायला गेलो तर चक्क पडायचोच.

माझं काय होतं, ते मला आता कळतं. सगळी नोकरी मी माणसांना "श्वास धरा, हलू नका" सांगण्यात घालवली. माझ्यासाठी चित्र म्हणजे थांबलेला माणूस. तू पोरांना घेऊन कापसाच्या बाजारात बसायचास आणि गाडीवर गाठोडं फेकणारा हमाल काढायला लावायचास. तो तुमच्यासाठी थांबत नसे. तुझ्यासाठी चित्र म्हणजे चाललेला माणूस. आपण दोघं एकाच कागदाकडे बघत होतो आणि तरी इतकी वर्षं भांडलो.

शेवटच्या वेळी भेटलो तेव्हाही तेच. मी निघताना मोटारसायकलला किक मारली आणि तू फाटकापाशी आलास. चेहरा असा, की काहीतरी सापडलं आहे.

"तो उभा नाईच आहे, भिया. त्याचं वजन या पायावरून त्या पायावर जाऊन राह्यलं. तू त्याले उभा समजून पाह्यतं, म्हनून तुले जमत नाई. आन् आपल्या हातात सागवान आहे, हलकं. त्याच्या हातात लोखंड होतं. येत्या रविवारी येजो, मी काहीतरी वजनदार आनून ठेवतो. मंग पाह्य, तुहे पाय आपोआपच तसे होतात का नाई."

मी म्हटलं, "माझा गुडघा गेला तर एक्स-रे कोण काढणार?" तू हसलास. आपलं शेवटचं बोलणं हे आहे. वाईट नाही. याहून वाईट शेवट मी दवाखान्यात पाहिले आहेत.

शनिवारी संध्याकाळी तू वहिनींना छातीत जड वाटतं म्हणालास, पाणी मागितलंस, आणि त्यांनी पेला आणेपर्यंत गेलास. तेव्हापासून लोक मला विचारताहेत, तुम्ही तर दवाखान्यातले, तुमच्या लक्षात नाही आलं? नाही आलं. हाडाच्या आतलं मला दिसतं, बाकी मी इतरांसारखाच. सुरुवातीला याचा राग आला, मग नुसतं रडू आलं.

रविवारी सकाळी मी आलो. सवयीच्या वेळेला, सवयीच्या रस्त्यानं. मोटारसायकलही नेहमीच्याच जागी लावली गेली.

तुझ्या धाकट्या भावानं मला पुढच्या बांबूला उभं केलं. घरातून उचललं तेव्हाचं मला काही आठवत नाही, समोरचं सगळं पाण्यात बुडाल्यासारखं दिसत होतं. शेताच्या वाटेवर आंब्याखाली विसावा घेतात तिथे तिरडी खाली ठेवली. पुढच्यांनी मागे जायचं, मागच्यांनी पुढे यायचं. मी मागच्या कोपऱ्याशी आलो. आता डोळे जरा कोरडे होते. तोंड तुझ्याकडे करून वाकलो, बांबूखाली हात घातले. उचलताना आपण सगळे तिरडीकडेच तोंड करून असतो आणि वजन खांद्यावर घेता घेता वाटेकडे वळतो. कोणीतरी "चला" म्हटलं. तू हातांवर आलास. मी वळलो.

आणि मी खाली पाहिलं, प्रल्हाद. तुझी शिकवण, आधी पाय. माझा पुढचा पंजा बाहेर वळला होता. मागची टाच उचललेली होती. कंबर अजून तुझ्याकडे होती आणि छाती वाटेकडे. गुडघा पिरगळला नाही, मी पडलो नाही. तुझं वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर गेलं आणि मी चालायला लागलो.

त्या वाटेवर मी मोठ्यानं काहीतरी बोललो असेन, कारण तुझ्या भावानं मागे वळून पाहिलं. तुला हलवून सांगावंसं वाटत होतं. इतक्या वर्षांच्या भांडणाचा निकाल लागला होता आणि ज्याच्याशी भांडलो तो माझ्याच खांद्यावर होता. मी आयुष्यात पुष्कळ मयतींना गेलो आहे. पण आनंद आणि दुःख एकाच पावलात मला कधी झालं नव्हतं, आणि त्या आनंदाची मला लाजही वाटली नाही.

काल पाहुणे गेल्यावर वहिनींनी मला मागच्या अंगणात बोलावलं. पुढचं अंगण धुऊन, सारवून स्वच्छ झालं होतं. मागचं तसंच होतं. मधोमध जमिनीवर चुन्यानं पाय काढले होते. पुढचा एक, पंजा बाहेर वळलेला. मागे नुसताच चवडा, कारण टाच उचललेली, जमिनीला लागणारच नाही. भिंतीला तुमच्या शेतातली खड्डे खणायची लोखंडी सब्बल टेकवून ठेवलेली होती. तुझं ते काहीतरी वजनदार.

"मागचं अंगन सारवू देलं नाई मी कोनाले," वहिनी म्हणाल्या. "तुमचे जोडे मांडून काढले त्यायनं, शनिवारी सकाळीच. मी म्हटलं, भाऊजीचे जोडे कायले, तुमचे घ्या ना. तर म्हने, माह्या मापानं काढले तर तो म्हनन, तुह्या पायाले जमते, माह्याले नाई जमत."

माझे ते पांढरे कॅनव्हासचे जोडे, जे मी तुझ्या मागच्या दाराशीच ठेवून जायचो. त्यांच्या तळव्यांच्या कडांना अजून चुना लागलेला होता. मी ते घातले आणि जाऊन उभा राहिलो. तुझ्या काढलेल्या रेषेच्या आत माझा पाय बरोबर बसला. वहिनींनी सब्बल पुढे केली. मी नको म्हटलं. आंब्याखाली घेतलेलं वजन अजून अंगात होतं. हात रिकामेच ठेवून, कशाला तरी उचलून घ्यावं तसा वाकलो आणि वळलो. मग तिथेच परत वळलो. पुन्हा एकदा. डगमगलो नाही.

वहिनी पायरीवर बसल्या होत्या. इतकी वर्षं हे भांडण ऐकत त्यांनी चहा गरम केला होता, त्यामुळे विचारायचा हक्क त्यांचाच होता. त्यांनी विचारलं, मग शेवटी कोण बरोबर निघालं. मी म्हटलं, तो. तोच बरोबर होता.

वहिनींनी पदर हातात घेतला. डोळे पुसले. मग म्हणाल्या, "मंग मले काहून सांगता, भाऊजी? त्यायले सांगा. त्यायनं लय वाट पाह्यली."

म्हणून हे लिहिलं. चुना आणखी काही दिवस टिकेल, नंतर तो वहिनींच्या पायांखाली, कोंबड्यांच्या पायांखाली जाईल. माझी त्याला हरकत नाही. मुकुटवाल्याचं चित्र वहिनींनी मला दिलं आहे, ते माझ्या एक्स-रेच्या खोलीत लावतो आहे. रोज माणसांना हलू नका म्हणताना समोर तो हलत राहील.

तुहं बराबर होतं, भिया.